एगॉन पावलित्साची पाठ

लोरे पावलित्सा पंधरा वर्षांनी माझ्या दारात आली तेव्हा मी बटाटे सोलत होतो. लिफ्ट बंद होती. सहा मजले चढून आलेली बाई धापा टाकतेय आणि मी खुळ्यासारखा सुरी हातात धरून उभा.

"आत ये म्हणशील, की इथंच मरू?" ती म्हणाली.

मी खुर्ची पुढं केली. तिनं कोटसुद्धा काढला नाही. भिंतीवर माझ्या बायकोचा, हेडीचा फोटो आहे, त्याच्याकडं बघून मान हलवली आणि सरळ मुद्द्यावर आली. पुढच्या रविवारी युनियनचा सत्कार समारंभ होता. तिच्या नवऱ्याला, म्हणजे एगॉनला, युनियनमध्ये चाळीस वर्षं झाली होती. त्याला कोटावर लावायची मानाची पिन मिळणार होती.

"माहीत आहे," मी म्हटलं. "खाली पत्रक लागलंय."

"मग हेही माहीत असेल, की पिन द्यायच्या आधी बरोबर काम केलेल्यांपैकी कुणीतरी चार शब्द बोलायचे असतात. सेक्रेटरीनं तिघांना विचारलं. एकाची कंबर धरली. एकाला लेकीकडं जायचंय. आणि तिसरा तो क्लेमेन्स रोगाला, तो म्हणाला, माझा घसा बसलाय. रविवारचा घसा बुधवारीच बसला मेल्याचा!"

"आणि एगॉन काय म्हणतो?"

"तो म्हणतो, पिन पोस्टानं पाठवा. मी इथं आलेय हे त्याला ठाऊक नाही. कळलं तर माझ्याशी आठवडाभर बोलणार नाही." तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "थिओ, तू बोल. तू बोलायला पाहिजेस. का, ते मी सांगायला नको."

नकोच होतं. माझा स्वभाव तिरसट आहे, कॉलनीतलं पोर पण सांगेल, पण मी विसरभोळा नाही. पंधरा वर्षांत असा एक शनिवार गेला नाही की मला ती गोष्ट आठवली नाही. तेव्हा नीट सांगतो. आता तरी काही लपवत नाही.

एगॉन आणि मी एकाच आठवड्यात ऑगस्टीना खाणीत उतरलो, सोळा-सतरा वर्षांची कार्टी. युनियनची सही त्यानं पहिल्याच दिवशी केली. वर्गणी द्यायला जिवावर यायचं म्हणून मी दोन वर्षं टाळली. म्हणून तर त्याचा सत्कार आधी, माझा नंतर. ते राहू दे.

आमच्या खाणीत वर आल्यावर सगळ्यात आधी न्हाणीघर. मोठ्ठा हॉल, छताला शेकडो साखळ्या. प्रत्येकाची एक साखळी, तिच्या आकड्याला कपडे अडकवून वर ओढून टाकायचे. सकाळी घरचे कपडे वर, दुपारी कोळशाचे कपडे वर. मधल्या वेळात सगळे नागडे, सगळे काळे, कोण कुणाचा बाप ओळखू येत नाही. फवाऱ्याखाली उभं राहायचं आणि घासायचं. आता पुढचं सगळं अंग माणूस स्वतः घासतो, पण पाठीला हात पोचत नाही. कोळशाची भुकटी अशी बसते की नुसत्या पाण्यानं ढिम्म हलत नाही. मग ओरडायचं, "पाठ!" की शेजारचा माणूस, जो कुणी असेल तो, साबण लावून खसाखसा घासून देणार. मग तो वळणार, तुम्ही त्याची घासणार.

या गोष्टीला नाही म्हणायचं नसतं. कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण खाणीत याच्याइतका पक्का नियम दुसरा नव्हता. मी दोन सख्खे भाऊ बघितलेत, बापाच्या घरावरून कोर्टात गेलेले, एकमेकांशी शब्द नाही. "पाठ!" म्हटलं की एक दुसऱ्याची घासायचा. तोंड वाकडं करून, पण घासायचा. एगॉन आणि मी शेजारशेजारचे नंबर. पंचवीस वर्षं मी त्याची पाठ घासली, त्यानं माझी. त्याच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली दगड पडून झालेला निळा वण होता, कोळसा आत राहून जखम भरलेली. मी त्यावर मुद्दाम जोरात घासायचो. "अरे, तो निघत नाही रे गाढवा!" तो ओरडायचा. "रोज प्रयत्न करायला काय जातं!" मी म्हणायचो. हा आमचा विनोद, पंचवीस वर्षं तोच.

एगॉनला तोंड होतं. मला पण होतं, पण माझं तोंड भांडायला, त्याचं तोंड काम करून घ्यायला. एका हिवाळ्यात मालकांनी काटकसर म्हणून तिसऱ्या पाळीचं गरम पाणी बंद केलं. एगॉननं काय करावं? आमची अख्खी पाळी, चाळीसेक माणसं, तशीच काळी, ओली, बुटांसकट घेऊन डायरेक्टरच्या ऑफिसात गेला. तिथं फिक्या रंगाचा गालिचा होता. एगॉन टोपी काढून म्हणाला, "साहेब, गरम पाणी नाही, तर आम्ही असेच घरी जाणार. आणि आजपासून घरी जायचा आमचा रस्ता इकडून." दुसऱ्या दिवशी पाणी चालू. गालिचा मात्र गेला बिचारा.

मग तो कामगार समितीवर निवडून आला, मग समितीचा प्रमुख झाला. त्याला खाली उतरायची गरज राहिली नाही, तरी दर बुधवारी उतरायचा. अधिकाऱ्यांसाठी वेगळं न्हाणीघर होतं, दारं असलेलं, तिथं त्याला मुभा होती. पण तो आमच्यातच यायचा. पुढं पक्षानं त्याला नगरपालिकेला उभा केला आणि आमच्या खाणकामगारांच्या कॉलनीनं त्याला इतक्या मतांनी निवडून दिला की समोरच्यानं अभिनंदनाला यायचंसुद्धा टाळलं. वेलरबेक शहराचा नगरसेवक, नंतर बांधकाम समितीचा अध्यक्ष. लोक म्हणायला लागले, हा एक दिवस महापौर होणार. आणि बुधवारी पुन्हा आपला फवाऱ्याखाली, "पाठ!" मी म्हणायचो, "वळा महाराज." तो हसायचा.

खरं सांगू? मला तेव्हाच थोडं टोचायला लागलं होतं. बरोबर उतरलेलो आम्ही. त्याच्याकडं आता ब्रीफकेस, माझ्याकडं तोच डबा. पण हे मी कुणाला बोललो नाही.

आता न्हाण्याची दुसरी बाजू ऐका. आम्ही पुरुष खाणीत हवं तेवढं गरम पाणी अंगावर घ्यायचो. घरी बायकांना काय? कॉलनीतली घरं शंभर वर्षांची. संडास मागं, शेळीच्या गोठ्याशेजारी. आंघोळ शनिवारी, स्वयंपाकघरात, पत्र्याच्या टबात. चुलीवर पाणी तापवायचं, बादल्या उचलायच्या, आधी पोरं, मग बाई, त्याच पाण्यात. माझ्या हेडीचं खुब्याचं हाड जन्मापासून अधू. बादली उचलली की ओठ चावायची, पण रडायची नाही. एका शनिवारी घसरली, उकळतं पाणी मांडीवर. त्या दिवशी मी आल्या आल्या तिनं वही काढली. "थिओ, लिही. एगॉनला द्यायचं. आम्हाला न्हाणीघर असलेली घरं पाहिजेत. पुरुषांनी सह्या करायच्या, बायकांच्या सह्यांना तिथं कोण विचारतंय!"

ते सहासष्ट साल. हेडीनं सांगितलं, मी लिहिलं. आणि शेवटचं वाक्य मी माझ्या मनानं जोडलं, कारण मी मोठा शहाणा. लिहिलं, "त्यासाठी आमची जुनी घरं पाडावी लागली तरी आमची हरकत नाही." खाली पहिली सही माझी. घरोघर मीच फिरलो. सगळ्या कॉलनीनं सह्या केल्या. क्लेमेन्स रोगालानं तर दोनदा केली, एकदा स्वतःची, एकदा मेलेल्या सासऱ्याची.

एगॉननं तो कागद घडी घालून आतल्या खिशात ठेवला. "हा मी सोडणार नाही," तो म्हणाला. हेडीनं त्याला कॉफी आणि आलुबुखारचा केक दिला, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "बघ, होणार आता."

झालं काहीच नाही. वर्षं गेली. नगरपालिकेचं काम, तुम्हाला माहीतच आहे. शेवटी लोक कंटाळले आणि हातानंच कामाला लागले. कुणी गोठ्यात नळ घेतला, कुणी कोठीत टब बसवला. मी शेळी विकली आणि तिच्या जागी हेडीसाठी न्हाणीघर बांधायला घेतलं. पाइप खाणीतून आले, कसे ते विचारू नका. फरशा हिरव्या. पाळी संपली की रोज दोन तास. आयुष्यात मी इतक्या प्रेमानं दुसरं काही केलं नाही.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये, गुडघ्यावर बसून फरशा लावत होतो तेव्हा एगॉन कुंपणाशी आला. अंगात कोट, हातात ब्रीफकेस. खिशातून तो कागद काढला. घड्यांवर फाटत आला होता.

"थिओ, प्रस्ताव आलाय," तो म्हणाला. "कॉलनी पाडायची, तीन उंच इमारती बांधायच्या. प्रत्येक घरात न्हाणीघर, चोवीस तास गरम पाणी. तुम्ही मागितलं होतं तेच. मंगळवारी पक्षाच्या गटाची बैठक आहे, मत कसं द्यायचं ते तिथं ठरेल. पण मी इकडून येताना बघतोय, सगळे काहीतरी बांधतायत. तुमचं मत बदललंय का?"

मी फरशी ठोकत राहिलो.

"बदललं असेल तर दोन ओळी लिहून दे," तो म्हणाला. "सह्या घे, पंधरा-वीस पुरेत. मग मी गटाबिटाची पर्वा करत नाही, उभा राहून विरोध करतो. पण कागद पाहिजे. माणसांनी सही करून दिलेला शब्द मी स्वतःच्या डोक्यानं फिरवू शकत नाही."

युनियनचा माणूस तो. त्याच्या लेखी सही म्हणजे सही. लोकांनी लिहून सांगितलं ते लोकांनी लिहूनच मागं घ्यायचं, मधल्या मध्ये नेत्यानं अक्कल चालवायची नाही. हेच त्याला मोठं करत होतं आणि ह्याच्यातच त्याची चूक होती. सात वर्षांत माणसं बदलली होती, कागद तोच होता. आणि ती चूक सुधारायला तो स्वतःहून चालत माझ्या कुंपणाशी आला होता!

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "तुम्ही मोठी माणसं, एगॉनराव. काय ते तुम्हीच ठरवा. आम्ही आपले फरशा बसवतो."

त्याचा चेहरा पडला. "थिओ, मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाही."

"मंगळवारपर्यंत," तो म्हणाला आणि गेला.

खिडकीतून हेडीनं विचारलं, "काय म्हणत होता?" "काही नाही," मी म्हटलं. मंगळवारी मी फरशांच्या फटी भरल्या. मला वाटलं, प्रस्ताव काय, वीस वर्षं फायलीत लोळेल. हेही खरं, की मला वाटलं, जरा बसू दे याला ताटकळत.

मे महिन्यात नगरपालिकेनं ठराव मंजूर केला. एगॉननं हात वर केलेला फोटो पेपरात आला. कॉलनीत आग लागली नुसती. रविवारी सकाळी चर्च सुटल्यावर सगळे हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये जमले. आणि एगॉन आला. बोलावलं नव्हतं तरी आला, एकटा, स्टेजवर उभा राहिला.

"कुणी सांगितलं होतं तुला आमची घरं पाडायला?" क्लेमेन्स रोगाला पुढं होऊन ओरडला. "नाव सांग! एकाचं तरी नाव सांग!"

"किती मिळाले रे ठेकेदाराकडून?" मागून कुणीतरी.

"लोरेला नवीन फर कोट येणार बघा!"

लोरे दाराशी उभी होती, जुन्याच कोटात. माझ्या शेजारी हेडी नव्हती, तिचं दुखणं वाढलं होतं म्हणून घरी होती. असती तर ती उठली असती. मी पुढून तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

एगॉननं हात आतल्या खिशात घातला. तो कागद तिथं होता, हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. बाकीच्यांनी सह्या केल्या होत्या, पण सात वर्षांपूर्वीची सही कुणाच्या लक्षात राहते? आणि कुणाच्या राहिली असेल तर तोही माझ्यासारखाच गप्प. एगॉननं माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्याकडं. कागद बाहेर आला असता तर पहिलं अक्षर माझं, पहिली सही माझी, आणि ते शेवटचं वाक्य. लोकांनी मला तिथंच फाडून खाल्लं असतं. मी काय केलं? मी बुटांकडं बघितलं.

मान वर केली तेव्हा त्याचा हात खिशातून बाहेर आला होता. रिकामा.

"निर्णय मी घेतला," तो म्हणाला. "जबाबदार मी आहे." आणि शिव्यांच्या मधून चालत बाहेर गेला.

इथंच थांबलं असतं तरी मी कसातरी जगलो असतो. पण पुढचा बुधवार आला.

बुधवारी तो नेहमीसारखा खाली उतरला. मानलं पाहिजे त्याला. कुणी त्याच्याशी बोललं नाही. वर आलो, न्हाणीघरात कपडे वर ओढले. तो आपल्या जागेवर, माझ्या उजव्या हाताला. अंग घासलं, डोकं घासलं. मग नेहमीसारखा वळला आणि म्हणाला, "पाठ!"

हॉलमधले सगळे आवाज बंद झाले. नुसतं पाणी पडत होतं. समोरच्या रांगेतून क्लेमेन्स माझ्याकडं बघत होता. सगळेच बघत होते, थिओ काय करतोय. माझ्या हातात साबण होता. फेस आलेला होता. तो निळा वण माझ्यापासून हातभरावर होता.

मी नळ बंद केला आणि चालायला लागलो.

दुसरं कुणी पुढं झालं नाही. मी गेलो म्हटल्यावर कोण होणार? तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, आमच्याकडं ती काळी पाठ करून. पुन्हा "पाठ" म्हणाला नाही. मग त्यानं साखळी खाली घेतली, तसाच आपला पांढरा सदरा अंगात घातला, वर कोट चढवला आणि गेला. त्या दिवशी चार वाजता त्याची समितीची बैठक होती. तिथं म्हणे त्यानं खोलीत उकडत असून कोट काढला नाही.

हे मला हेडीकडून कळलं. लोरेनं सदरा धुवायला काढला तर आतून पाठीचा ठसा उमटलेला, काळा. लोरे खाणकामगाराची लेक. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. सदरा हातात घेऊन ती आमच्या घरी आली. माझ्याकडं बघितलं नाही, हेडीसमोर टेबलावर पसरला, तिला बैठकीतल्या कोटाचं सांगितलं आणि परत उचलून गेली.

हेडीनं टेबल पुसून घेतलं. मग म्हणाली, "तू होतास ना शेजारी?"

"सगळेच होते."

"शेजारी तू होतास." मग तिला तो सह्यांचा कागद, ती यादी आठवली. आठवणारच, तिनंच सांगून लिहून घेतली होती. मी कुंपणापाशी काय बोललो तेही तिनं माझ्याकडून उकरून काढलं. "उद्या जा आणि सगळ्यांना सांग," ती म्हणाली. "मागितलं आम्ही होतं. तो विचारायला आला होता. सांग."

"सांगतो," मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात सांगतो. सुट्टीनंतर सांगतो. हे शांत होऊ दे, मग सांगतो. हेडीनं वर्षभर विचारलं. नंतर विचारणं सोडून दिलं, आणि ते जास्त वाईट होतं.

हिरव्या फरशा बुलडोझरखाली गेल्या. आम्ही इथं सहाव्या मजल्यावर आलो. न्हाणीघर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. हेडीला गरम पाण्यानं आराम पडायचा. दर शनिवारी तासभर टबात पडून राहायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "एगॉनला कुणी थँक्यू म्हटलंय का रे?" मी पेपर वाचायचो. आठ वर्षांनी ती गेली.

एगॉन पुन्हा आमच्यात आंघोळीला आला नाही. महापौर झाला नाही. पुढच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात पक्षाची मतं अशी घसरली की पक्षानं त्याला दुसऱ्या वॉर्डात टाकला, मग उमेदवारांच्या यादीत खाली, मग यादीतून बाहेर. चौऱ्याऐंशीला खाण बंद झाली. न्हाणीघर पाडलं. तिथं आता फर्निचरचं दुकान आहे.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी लोरेसमोर बसलो होतो, सोललेले बटाटे उघड्यावर काळे पडत होते.

"बोलतो," मी म्हटलं. "सगळं बोलतो. यादीचंसुद्धा. एगॉनला म्हणावं, तो कागद घेऊन ये. लोकांना दाखवू."

लोरे उठली. कोटाची बटणं लावत म्हणाली, "कसला कागद? त्यानं तो त्याच रविवारी हॉटेलातून आल्या आल्या चुलीत घातला. म्हणाला, कुणाच्या हाती लागला तर थिओला ते कॉलनीत राहू देणार नाहीत."

ती गेली. मी काळे बटाटे फेकून दिले.

रविवारी हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, बहुतेक म्हातारी. वाटाण्याचं सूप, सॉसेज, बिअर. एगॉन आला होता. लोरेनं कसं आणलं देव जाणे. सत्तावन्नचा माणूस सत्तरीचा दिसत होता. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यानं लोरेकडं वळून बघितलं. तिनं सुपात बघितलं.

मी लिहून नेलं होतं, पण कागद खिशातच राहिला. उभा राहिलो आणि सगळं ओकलो. सहासष्ट सालची यादी. शेवटचं वाक्य माझं. पहिली सही माझी. तो कुंपणाशी विचारायला आला होता आणि मी टोमणा मारला. हॉलमध्ये त्याच्या खिशात कागद होता आणि मी बुटांकडं बघत बसलो. "या माणसानं काही विकलं नाही," मी म्हटलं, "आपण मागितलेलं आपल्याला दिलं, आणि आपण त्याच्यावर थुंकलो. सगळ्यात आधी मी." मनात म्हटलं, आता येऊ दे शिव्या. पंधरा वर्षं थकलेल्या शिव्या, एकदम येऊ देत.

आणि मग टाळ्या!

टाळ्या वाजवल्या हो त्यांनी. सेक्रेटरी, तिशीतलं पोरगं, डोळे पुसत म्हणालं, "मित्रासाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेणारी माणसं आता राहिली नाहीत." लोक मान हलवायला लागले. क्लेमेन्स रोगाला ग्लास घेऊन आला, माझ्या खांद्यावर थाप मारली, त्याचा घसा एकदम ठणठणीत.

"शाब्बास, थिओ. खोटं बोललास, पण काय झकास बोललास!"

"खोटं नाहीये रे! तू स्वतः सही केली होतीस, दोनदा!"

"मी?" तो हसला. "असली सही मी करीन? बरं, दाखव यादी."

दाखवायला काही नव्हतं. क्लेमेन्सनं मला डोळा मारला आणि बिअर आणायला गेला. ज्या दिवशी एका वाक्यानं माझी हाडं मोडली असती आणि एगॉन वाचला असता, त्या दिवशी मी गप्प बसलो. आता बोललो, तर मीच थोर ठरलो. माझ्यासारख्याला यापेक्षा वेगळी शिक्षा नको.

एगॉनच्या कोटाला पिन लावली. त्यानं "आभारी आहे" एवढंच म्हटलं, सूप संपवलं आणि निघाला. मी कोट टांगायच्या जागी त्याला गाठलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही हातभर अंतरावर उभे होतो.

"एगॉन, त्यांना पटलं नाही."

"पटायला कशाला पाहिजे? जुनं झालं ते."

"कागद जाळायला नको होतास."

"तो माझा प्रश्न," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि मला तो हवा होता. "सभेचं मला काही वाटलं नाही, थिओ. सभेत माणूस घाबरतो. मी पण घाबरलोय कधीकधी. पद गेलं, त्याचंही नाही. राजकारणात जातं." तो हॅट हातात फिरवत राहिला. "पण त्या बुधवारी तू पाठ घासली असतीस ना, तर बाकीचं सगळं मी पेललं असतं."

त्यानं कोट घ्यायला हात वर केला तर खांदा वर जाईना. त्याचा डावा खांदा निकामी झाला होता, हेही मला माहीत नव्हतं. मी कोट काढला आणि मागून धरला. त्यानं एक हात घातला, मग दुसरा. पांढऱ्या सदऱ्याखाली तो वण कुठं आहे, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. मी कॉलर नीट केली आणि हात तिथंच, पाठीवर, ठेवला.

त्यानं थोडा वेळ राहू दिला. मग म्हणाला, "सोड आता, लोरे बाहेर थंडीत उभी आहे," आणि जिना उतरून गेला.